पोरं घरात, पाऊस दारात

जून सरता सरता मला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. उन्हाळ्यात "खात नाही", "दुपारी झोपत नाही" अशी पत्रं असतात. पावसाची झड लागली की सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: काकू, हे पोर घरात कोंडलंय, काय करू? दापोली तालुक्यात मी अंगणवाडी चालवत होते, तेव्हा वर पत्र्यावर धो धो पाऊस आणि खाली पोरांचा गलका, हाच माझा चार महिन्यांचा हंगाम असायचा. आता डोंबिवलीत मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहते. नातू अडीच वर्षांचा आहे, त्यामुळे हंगाम काही सुटलेला नाही. या वेळी सगळी पत्रं पावसाचीच घेतली आहेत.

प्रश्न: माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. आमचा बदलापूरला वन बीएचके आहे. पाऊस सुरू झाल्यापासून दिवसभर सोफ्यावरून उड्या चालतात, खालच्या मजल्यावरचे काका दोनदा येऊन सांगून गेले. मी व्हिडिओ बघून बरेच खेळ केले. तांदूळ रंगवले, पुठ्ठ्याचे आकार कापले, कापसाचे ढग केले. तयारीला तास जातो आणि तो पाच मिनिटांत उधळून मोकळा होतो. मलाच हे जमत नाही असं वाटायला लागलंय. – एक आई, बदलापूर

उत्तर: अगं, पाच मिनिटं टिकला म्हणजे या वयाच्या मानाने बरा टिकला. तांदूळ बघितले, हात घातला, उधळले. आता त्यात त्याच्यासाठी उरलं काय? मला सांग, तू तांदूळ रंगवत होतीस तेव्हा तो कुठे होता? तुझ्या पायात लुडबुडत असणार, आणि तू "थांब जरा, तुझ्यासाठीच करतेय" म्हणत असणार. खरी मजा त्या तासात होती. वाटीत रंग ओतायचा, हाताने कालवायचं, ताटात पसरायचं. ते सगळं तू करून टाकलंस आणि त्याच्या वाट्याला तयार माल आला.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की पोराला करमवायला जाऊ नकोस, कामाला लाव. पावसाळ्यात घरात कामाला काय तोटा? कपडे वाळत नाहीत म्हणून खोलीभर दोऱ्या बांधलेल्या असतात, त्यातली एक त्याच्या छातीएवढ्या उंचीवर खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत बांध. मोजे, रुमाल, लंगोट हा त्याचा विभाग. कपडे वाळत घालून झाले की ती दोरी सोडून गुंडाळून ठेवायची, तेवढं मात्र विसरायचं नाही. पळताना गळ्यात अडकते. आमच्या नातवाला चिमटा उघडायला अजून दोन्ही अंगठे लागतात. दाब देताना जीभ एका बाजूने बाहेर येते, चिमटा उघडतो तोवर मोजा खाली पडलेला असतो, मोजा उचलेपर्यंत चिमटा मिटतो. मग तो चिडून चिमटा स्वतःच्या बनियनला लावतो आणि बनियनभर चिमटे लटकवून घरात हिंडतो. एवढ्यात माझी एक बादली कपडे वाळत घालून होतात. पुढे याच बोटांनी पेन्सिल धरायची आहे, हे सुनेला सांगितलं तेव्हापासून तीही घाई करत नाही.

पोळ्या करताना त्याला ओट्याजवळ नको, खाली बसव. पाट, छोटं लाटणं आणि लिंबाएवढा कणकेचा गोळा दे. मोठ्या माणसाने एकदा चिमणी करून दाखवायची: गोळ्याला एकीकडे चिमटीत धरून चोच काढायची, दुसरीकडे दाबून शेपटी. नंतर आपण आपल्या पोळ्या लाटाव्यात. त्याची चिमणी चिमणीसारखी दिसत नाही, बटाट्यासारखी दिसते. ती सुधारायची नाही. शेवटी तव्यावर आपणच भाजून, तूप लावून द्यायची. जेवताना तोंड फिरवणारी पोरंसुद्धा स्वतःच्या हातची वाकडी चिमणी खातात, हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता त्यात नवल वाटत नाही. कच्ची कणीक मात्र तोंडात जाऊ देऊ नकोस. आणि ते भरपूर मीठ घालून महिनाभर टिकणारे गोळे करायला सांगतात, ते इतक्या लहान पोराच्या हाती देऊ नयेत. एवढं मीठ पोटात गेलं तर बाधतं.

आता उड्या. त्या बंद करता येणार नाहीत, करूही नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या, त्यांत एक ते चार वर्षांच्या पोराने दिवसभरात मिळून निदान 180 मिनिटं अंग हलवावं असं म्हटलंय. चांगले तीन तास! बाहेर अंगण असलं तर ते आपोआप होतात. वन बीएचकेत आपल्याला जागा करून द्यावी लागते. कापसाची गादी जमिनीवर ओढ, वर उशा आणि गोधड्यांचा ढीग रच आणि सोफ्यावरून उडी मारायची ती फक्त त्यावरच, हा नियम कर. सोफ्यापासून टीपॉय लांब हलव. खालच्या काकांना स्वतः जाऊन सांग की सकाळी साडेदहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते साडेपाच आवाज होईल, एरवी आम्ही सांभाळू. वेळ ठाऊक असली की माणसं बरंच सोसतात. कधी काकांना वर बोलावून चहाही द्यावा, ते निराळं.

उड्यांइतकीच रग जड कामात जिरते. बाजारातून आणलेली कांद्या-बटाट्यांची पिशवी दारातच ठेव आणि त्यातून एकेक बटाटा स्वयंपाकघरातल्या टोपलीत नेऊन टाकायला सांग. अर्धी भरलेली कपड्यांची टोपली ढकलत न्यायला लाव. पाच किलो बटाटे एकेक करून पोचवलेलं पोर दुपारी न झुलवता झोपतं.

आषाढीच्या दिवसांत आम्ही अंगणवाडीत दिंडी काढायचो. तू घरात काढ. डबीची झाकणं टाळ म्हणून, डोक्यावर प्लास्टिकच्या कुंडीत तुळशीची फांदी, टॉवेलचा पटका. बेडरूमहून निघून हॉलला वळसा घालून स्वयंपाकघरात पंढरपूर. मध्ये रिंगण धरायचं म्हणजे गोल पळायचं. शेवटी पंढरपुरात केळं मिळतं. आणि एक, आषाढी होऊन गेली तरी ही दिंडी बंद होत नाही. आमच्याकडे श्रावण संपत आला तरी विठ्ठल विठ्ठल चालूच असतं.

प्रश्न: आम्ही नाशिकला असतो. सून-मुलगा कामावर जातात, तीन वर्षांची नात माझ्याकडे. पत्नी गेल्या वर्षी गेली. माझे दोन्ही गुडघे कामातून गेलेत, खाली बसलो तर उठता येत नाही. पावसाने बागेत नेणं बंद झालं. खुर्चीत बसून हिला कसं रमवावं? – एक आजोबा

उत्तर: आजोबा, खुर्चीवरच्या माणसाला शोभेल असं एक पद आहे: स्टेशन मास्तर. नात म्हणजे गाडी. तुमच्या एका हातात हिरवा रुमाल, एका हातात लाल. हिरवा हलवला की गाडी सुटते, लाल दाखवला की जिथे असेल तिथे थांबायचं. लाल रुमालावर पाय रोवून थांबणं हे तीन वर्षांच्या पोराला पळण्यापेक्षा अवघड जातं, आणि त्यांना तेच फार आवडतं. सुरुवातीला ती थांबणारच नाही, घसरत पुढे जाईल. हसायचं आणि गाडी मागे घ्यायला लावायची.

सुनेला सकाळी जाताना जेवणाच्या चार खुर्च्या ओळीने लावून वर एक जुनी साडी टाकायला सांगा. हा बोगदा. माझ्याकडे त्याचं नाव करबुडे, कारण कोकण रेल्वेवरचा सगळ्यांत लांब बोगदा तोच, साडेसहा किलोमीटरचा, रत्नागिरीच्या अलीकडे. तुम्ही नाशिककर, तुमच्याकडे कसारा घाट आहे, तिथले बोगदे घ्या. स्टेशनांची नावं मोठ्याने पुकारा: कसारा, इगतपुरी, घोटी, देवळाली, नाशिक रोड. आठवड्याभरात ती तुमच्या आधी पुकारायला लागेल. आणि ती फार दमली, किंवा तुम्ही दमलात, तर जाहीर करायचं की पावसाळी वेळापत्रक लागू झालंय. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात खरोखरच वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या सावकाश चालवतात. आपलीही गाडी मग रांगत जाते.

बसून करायचं दुसरं काम म्हणजे निवडणं. मांडीवर परात घेऊन मटार सोलणं, मेथी-कोथिंबीर निवडणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं. मटार सोलताना ती दाणा नाकात घालत नाही ना, तेवढी नजर ठेवा. भाजी निवडताना आजोबांनी गोष्ट सांगायची. पुस्तकातली नको, तुमची. तुमच्या लहानपणी गोदावरीला पूर आला की माणसं दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायला जायची, ते सांगा. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं सांगताना ती स्वतःच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला हात लावेल. रोज तीच गोष्ट मागेल. रोज तीच सांगा. एक शब्द बदललात तर ती तुम्हाला थांबवेल.

पत्नीचं वाचून वाईट वाटलं. नातीला आजीचे फोटो दाखवत जा, पोरांना ते कळतं.

प्रश्न: मी पुण्यात घरून काम करतो, पत्नी ऑफिसला जाते. मुलगी दोन वर्षांची. कामाला एक बाई येतात, पण पावसात त्या कधी येतात कधी नाही. ज्या दिवशी येत नाहीत त्या दिवशी मीटिंग सुरू असताना तिच्या हातात मोबाईल देण्यावाचून इलाज नसतो. आता जेवतानाही मागते. अगदी बंद करावा का? – एक बाबा

उत्तर: दादा, दोन वर्षांच्या आत मोबाईल नको आणि दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी बसून, असं आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. आजीआजोबांशी व्हिडिओ कॉल यात धरत नाहीत. आता तुमच्या मीटिंगचं खरं उत्तर या नियमात नाही, हे मलाही कळतं. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करा. मीटिंगचा मोबाईल आणि जेवणाचा मोबाईल.

जेवणाचा आजपासून बंद. बघत बघत गिळणाऱ्या पोराला पोट भरल्याचं कळत नाही, आणि आपल्याला घास गेल्याचं समाधान मिळतं, एवढंच. तीन-चार दिवस ती रडेल, कमी खाईल. उपाशी राहणार नाही.

मीटिंगसाठी एक पेटी करा, जी एरवी माळ्यावर असते आणि फक्त तुमची मीटिंग असेल तेव्हाच खाली येते. तीत महागाचं काही नको. झाकणं निरनिराळी असलेले चार-पाच प्लास्टिकचे डबे, चेन असलेली जुनी पर्स, मोठा वेल्क्रो असलेली सॅन्डल, पातेलं आणि कालथा नको (आवाज!), त्याऐवजी चहाची गाळणी, रिकामी पावडरची डबी, तुमचा एक जुना शर्ट ज्याची बटणं पक्की आहेत. पेटी रोज दिसली तर तिची किंमत जाते. पाऊण तासाची मीटिंग यावर निघेल असं मी सांगत नाही, वीस मिनिटं निघतात. उरलेल्या वेळाला तिला मांडीवर घ्या आणि कॅमेरा चालू ठेवा. मीटिंगमधल्या निम्म्या लोकांच्या घरी हेच चाललंय.

कामाच्या बाई पावसात येत नाहीत त्याचा राग धरू नका. त्यांच्याही घरात पोर असेल आणि त्यांच्या दारात पाणी.

प्रश्न: माझी मोठी मुलगी साडेचार वर्षांची, धाकटा सव्वा वर्षाचा. मोठीला मणी ओवायला, शिंपले-चिंचोके मांडायला आवडतं, पण धाकटा सगळं तोंडात घालतो. दोघांना एका खोलीत कसं खेळवू? – एक आई, सांगली

उत्तर: एका खोलीत खेळवायचं, पण एका उंचीवर नाही. मोठीचं सगळं बारीक सामान जेवणाच्या टेबलावर आणि खुर्चीत बसूनच. खाली जमीन धाकट्याची. तिलाच पहारेकरी कर: खाली मणी पडला तर ओरडून सांगायचं. साडेचार वर्षांच्या पोरी हे काम फार कडकपणे करतात.

तीन वर्षांखालच्या पोराच्या हाती कोणती वस्तू द्यावी याला एक सोपं माप आहे. सुमारे सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते ती त्याला द्यायची नाही. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी घरात असेल तर साधारण तेच माप. चिंचोके, सागरगोटे, गोट्या, मणी, बटणं सगळी मावतात. शेंगदाणे आणि फुटाणे तर खाऊ म्हणूनही इतक्या लहान पोराला अख्खे देऊ नयेत. पावसाळ्यात घरोघरी भाजलेल्या शेंगा असतात, म्हणून मुद्दाम लिहिते. रिमोटमधल्या आणि आवाज करणाऱ्या खेळण्यांमधल्या चपट्या बटण-बॅटऱ्या सगळ्यांत वाईट. गिळल्या तर काही तासांत अन्ननलिका भाजते. गिळली असेल असा नुसता संशय आला तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा.

खेळता खेळता पोर अचानक गुदमरलं, आवाज फुटेना, तर तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये, वस्तू आणखी आत जाते. वर्षावरच्या पोराला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा द्यायच्या. तेवढ्याने नाही निघालं तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर पोटाला पाच वेळा आत-वर दाब. हे वाचून येत नाही, तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून एकदा बाहुलीवर करून घे.

दोघांना मिळून खेळायला परातीतलं पाणी दे. खाली जाड चादर, त्यावर परात, चार बोटं पाणी, दोन वाट्या, एक गाळणी, एक स्पंज. मोठी ओतेल, धाकटा थोपटेल. तू मात्र तिथून उठायचं नाही, फोन वाजला तरी. बोटभर पाण्यातही लहान पोर तोंडावर पडून बुडू शकतं. खेळ संपला की परात लगेच उपडी, आणि मोरीतल्या बादल्याही भरून ठेवू नकोस.

प्रश्न: आम्ही मँचेस्टरला आहोत. इथे बारा महिने पाऊस. नर्सरीत मुलांना वॉटरप्रूफ सूट आणि गमबूट घालून पावसातच खेळायला सोडतात. माझी सासू सांगलीहून व्हिडिओ कॉलवर बघते आणि "पोराला न्यूमोनिया करशील" म्हणून रडते. काय सांगू? – एक आई

उत्तर: सासूबाईंना सांग की सर्दी पावसाने होत नाही, विषाणूने होते, आणि तो दारं-खिडक्या बंद करून बसलेल्या माणसांत जास्त पसरतो. आत आल्यावर ओले कपडे बदलले, केस पुसले, गरम काही पोटात गेलं, की झालं. थंडीने ओठ निळसर व्हायला लागले किंवा पोर कुडकुडायला लागलं तर तेव्हाच आत आणायचं.

यापलीकडे त्यांना वाद घालून पटणार नाही. त्यांच्या लहानपणी पोरं इरलं, घोंगडी नाहीतर पोतं पांघरून पावसात हिंडत होतीच, ते तूच त्यांना विचार. "आई, तुम्ही शाळेत जाताना डोक्यावर काय घ्यायचात?" रडणं थांबेल आणि गोष्ट सुरू होईल. पोराला ती ऐकू दे.

आपल्याकडच्या वाचकांसाठी मात्र एक वेगळी ओळ. डबक्यात उड्या मारायला सोडायचं ते स्वच्छ अंगणातल्या, गच्चीतल्या पाण्यात. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात नाही, पायाला खरचटलं असेल तर मुळीच नाही. त्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) तापाची लागण तशीच होते.

प्रश्न: मी पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. पावसाळ्यात लाइट जाते, खोली अंधारी, एका कोपऱ्यात गळतं. खेळणी होती ती मोडली. तीन ते सहाची पोरं येतात आणि पाठीवर धाकटी भावंडंही घेऊन येतात. एवढ्यांना चार तास कसं धरून ठेवू? – सेविका

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून मला माझाच वर्ग दिसला. आधी तुम्हाला तुमच्याच जिल्ह्याची आठवण देते. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे दोघींनी डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर ते काम नेलं. पाड्यावरची पोरं शाळेत येत नाहीत म्हणून त्या शाळा घेऊन पाड्यावरच्या अंगणात गेल्या. सरकारची अंगणवाडी 1975 मध्ये आली, त्याच्या कितीतरी आधी. त्यांच्याकडे विकतची खेळणी कुठे होती? शंख-शिंपले, गारगोट्या, पानं, बिया, माती, हेच साहित्य. तुमच्या दाराबाहेर ते आजही पडलंय, फक्त ओलं झालंय.

गळतंय तो कोपरा आपला समजा. थेंब पडतो तिथे पालथं पातेलं ठेवा, मग टोप, मग प्लास्टिकचा डबा, मग नुसतंच पोतं. प्रत्येकावर आवाज निराळा. पोरांनी डोळे मिटायचे आणि कशावर पडतोय ते ओळखायचं. पागोळ्यांखालीही हेच करता येतं, आणि भांडं भरेपर्यंत टाळ्या मोजता येतात. गळती दुरुस्तीचा अर्ज अर्थातच करत राहा. वर्षानुवर्षं पोरं पातेल्याचा आवाज ओळखत बसली तर ते शिक्षण नव्हे.

पानं आणायला पोरांनाच पाठवा, पाऊस ओसरला की पाच मिनिटं. कुडाचं, सागाचं, पळसाचं, जे असेल ते. मग खोलीत पानांवर पाणी. हा खेळ मला स्वतःलाच फार आवडतो. अळूचं एक पान आणि सागाचं एक पान शेजारी शेजारी धरायचं, दोन्हींवर चमचाभर पाणी. सागाच्या खरखरीत पानावर पाणी पसरून बसतं. अळूवर त्याचा गोल मोती होतो आणि पान जरा कललं की इकडून तिकडे पळतो. मोती खाली न पाडता पान हातात घेऊन खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं. एरवी पळापळ करणारी पोरं श्वास रोखून चालतात. चालताना दोन मोती भेटले की त्यांचा एक होतो, तेव्हा आरडाओरडा होतो, होऊ द्या. पान तोंडात घालू देऊ नका, कच्चं अळू घशाला खाजतं, आणि देठाचा चीक लागला तर हात धुवा.

लाइट गेली की दाराच्या उजेडात सावल्या. चादर दोरीवर टाका, मागे मोबाईलची बॅटरी, आणि हाताचा कुत्रा, हरीण, पक्षी. मोठी पोरं मागे, लहानगी पुढे.

पाठीवरची भावंडं हाकलू नका, हे मी आग्रहाने सांगते. ती हाकलली की मोठी पोरही घरी राहते. त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात गोधडी, त्यावर मोठ्या वाट्या, लाकडी चमचे, कापडाचे गोळे, आणि आळीपाळीने दोन मोठ्या पोरांना तिथे बसवा. त्यांच्यासाठी तोच खेळ असतो.

माती तर पावसात सगळीकडेच. चिखलाची चूल, चिखलाची भाकर, वर करवंटीचं झाकण. हात धुवायला एक बादली आणि साबण दारात, आणि खाऊच्या आधी सगळ्यांनी रांगेत. बादलीला झाकण हवं.

थोडक्यात

*पनवेलच्या आजी, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचा खेळ नातवाला फार आवडतो, तो डासांमुळे बंद करू का?* – मुळीच नको. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा ओतून, घासून, कोरड्या करायचं काम त्याच्याकडेच द्या. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवड्याभरात त्यातून डास निघतो, म्हणून एक ठरावीक कोरडा दिवस पाळायचा. रविवार ठेवा, आईबाबाही घरी असतात.

*कोल्हापूरची एक आई विचारते, विजा कडाडल्या की मुलगी घाबरून टाहो फोडते.* – "काही नाही, घाबरायचं नाही" म्हणू नकोस, तिला ते ऐकू आलेलं असतं. कडेवर घे, खिडकीपासून लांब बस, वीज चमकली की दोघींनी एक, दोन, तीन मोजायला लागायचं आणि गडगडाट झाला की थांबायचं. आकडा वाढत गेला म्हणजे वीज लांब चालली. मोजायच्या नादात रडं निम्मं होतं.

*ठाण्याचे बाबा, न्हाणीतल्या रबराच्या बदकांना वास येतो.* – खाली भोक असलेलं खेळणं आतून कधी वाळत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. एकदा पिळून बघा. काळे कण किंवा काळं पाणी आलं तर आत बुरशी आहे, सरळ टाकून द्या आणि त्याऐवजी स्टीलची वाटी द्या.